फटीत पडलेला सूर

आमच्या हिंगणीत लग्नपत्रिकेवर ११ वाजून ४१ मिनिटं असा मुहूर्त छापतात आणि मंगलाष्टकं दीड वाजता सुरू होतात. फोनवर "येऊनच राह्यलो" म्हणणारा माणूस त्या वेळी आंघोळीला बसलेला असतो. बोर धरणाकडे वाघ पाहायला आलेली नागपूरची मंडळी सकाळच्या सफारीसाठी अंधारातच गावातून धुरळा उडवत जातात, तेव्हा ओट्यावर दात घासणारे आमचे लोक त्यांच्याकडे फार करुणेनं बघतात. बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झालं, पण देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. इतक्याशा जंगलात वाघ जाऊन जाऊन जाणार कुठं? दुपारी गेलं तरी तो तिथंच असणार.

अशा या गावात वर्षातून एक मिनिट असं येतं, की ज्याच्या बाबतीत कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी देह ठेवला. पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत आणि विदर्भात गावोगावी त्याच मिनिटाला मौन पाळलं जातं. पाच वाजता म्हणून चालत नाही. वर्षभर घड्याळाला भिंतीवरची शोभा समजणारी माणसं त्या दिवशी चार वाजल्यापासून मनगटाकडे बघत असतात.

यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मौनाच्या आधी गावच्या जुन्या भजनी मंडळाची कॅसेट लावावी. ही कॅसेट मी दहावीत असताना देवळात भरली होती. एका बाजूला बरोबर अर्धा तास खंजेरी भजनं आहेत. त्यात सात जण गाताहेत-वाजवताहेत. सातांपैकी आता दोघंच उरलेत: पेटीवाले काकाजी आणि पेटी.

हिशेब सोपा होता. ४ वाजून २७ मिनिटांनी लावायची, ४.५७ ला संपेल, मिनिटभरात लोक उभे राहतील, खोकणारे खोकून घेतील, आणि ४.५८ ला मौन. कॅसेट जुनी, दिवसाला दगा देईल, म्हणून ती आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं ठरलं. कॉम्प्युटर माझ्या घरी. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि डेस्कटॉप मागं राहिला. तेव्हापासून त्याचा उपयोग सातबारा काढणे आणि वर उशीचा अभ्रा टाकणे एवढाच होता.

कॅसेट वाजवायला माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला. त्यातला रबरी पट्टा चिवट गुळासारखा झालेला. तो बदलला. मग काकाजी आपली पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "आधी टेप पाहून घेऊ, खरं बोलते का खोटं." मला काही कळेना. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या चालीनं सरकायला हवी, हे जगभर ठरलेलं आहे. अर्ध्या तासाची म्हणजे ८५ मीटरच्या वर फीत त्या एवढ्याशा डबीत गुंडाळलेली असते. पण ती चाल कुठल्या टेपरेकॉर्डरनं किती पाळली हे कुणी मोजायचं? आम्ही सेल उतरत आले की आशाबाईंचा आवाज हळूहळू बाप्यासारखा होताना ऐकलेला आहे. सेल उन्हात ठेवून पुन्हा आशाबाई करायच्या.

काकाजींची युक्ती अशी, की कॅसेटमध्ये जी पेटी वाजते तीच पेटी त्यांच्या मांडीवर होती. काळी एक त्या वेळी जी होती तीच आज आहे. पितळेची जीभ माणसाच्या जिभेइतकी फिरत नाही. टेपमधली काळी एक आणि मांडीवरची काळी एक एकमेकींत विरघळली की टेप खरं बोलतो. तशी ती विरघळेना, थोडी खाली राहिली. टेपच्या मोटरीच्या पाठीला एक बारीक भोक असतं आणि आत स्क्रू. काकाजी पट्टी दाबून बसले, मी स्क्रू फिरवत गेलो, आणि एका क्षणी दोन पेट्यांची एक पेटी झाली. काकाजींनी डोळे मिटले. माझ्या हातून भारताचं एखादं यान कक्षेत गेल्यासारखं मला वाटलं.

इथपर्यंत ठीक चाललं होतं. यानंतर कॉम्प्युटर आला.

म्हणजे आला भाचा. तो सेलूला कॉलेजात जातो आणि आमच्या घरातल्या सगळ्या पासवर्डांचा मालक आहे. त्यानं वायर जोडली, कॅसेट आत उतरवली, फाईलला 'भजन फायनल' असं नाव दिलं आणि काकाजींना फोनवर ऐकवली. सूर जागेवर, चाल जागेवर. मी उशीचा अभ्रा धुवायला टाकला.

दोन दिवसांनी सहज लावून पाहिली, तर खंजेरी पळत होती. भजनातला शांत भाग असा वाजत होता, की मंडळाला शेवटची बस पकडायची असावी. घड्याळ लावलं. अर्ध्या तासाचं भजन सव्वासत्तावीस मिनिटांत आटोपलं. बंद करून पुन्हा लावली, तर बरोबर अर्धा तास. तिसऱ्यांदा पुन्हा सव्वासत्तावीस.

यंत्र कायमचं बिघडलं तर माणूस त्याच्याशी जुळवून घेतो. आमच्या पंख्याचं रेग्युलेटर गेली नऊ वर्षं तीनवरच आहे. पण कधी बिघडणारं आणि कधी न बिघडणारं यंत्र घरात ठेवलं, की अख्खा शेजार डॉक्टर होतो. समोरचे भाऊ, जे रोज संध्याकाळी खर्रा घोटत माझ्या टेबलाच्या उजव्या अंगाला बसतात, त्यांनी पन्नीवर अंगठा फिरवता फिरवता निदान केलं: "व्होल्टेजचं काम आहे जी. शेतातले मोटरपंप सुरू झाले का लाईन मरते." हा अनुभवाचा बोल होता, पण चुकीच्या यंत्राबद्दलचा. टेपच्या मोटरीला करंट कमी मिळाला की ती दमते. कॉम्प्युटरमध्ये आवाजाचा वेग मोटर ठरवत नाही. ते एका चिमूटभर स्फटिकाचं काम. पुष्कळ साउंड कार्डांत हा स्फटिक सेकंदाला २ कोटी ४५ लाख ७६ हजार वेळा थरथरतो, त्याला ५१२ ने भागलं की बरोबर ४८,००० येतात, बाकी शून्य. आमच्या गणपतीच्या वर्गणीच्या वहीत असा भागाकार मी एकदाही पाहिलेला नाही. लाईन अर्धी झाली तरी तो स्फटिक त्याच लयीत थरथरतो, आणि लाईन पुरती गेली तर भजन हळू होत नाही, थेट समाधी घेतं.

घरातून सूचना आली, की आधी त्यातली धूळ काढा. काढली. धुळीसोबत एक पाल निघाली. भजनाच्या वेगात फरक पडला नाही, पालीच्या वेगात पडला.

भाच्यानं साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे टिक काढले आणि लावले. ड्रायव्हर काढून परत टाकला. शेवटी मी पेटारा मोटरसायकलवर बांधून वर्ध्याला एका रिपेअरवाल्याकडे नेला. त्यानं कॉम्प्युटरला हात लावण्याआधीच "फॉरमॅट मारा लागते" म्हणून सांगितलं. विदर्भात कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर हा एकच उतारा आहे. आमच्या लहानपणी सगळ्या दुखण्यांवर सुई होती तसा. मी मारू दिलं नाही. फुंकर मारून घेतल्याचे दीडशे दिले आणि परत आलो.

इकडे भाच्यानं मधल्या काळात एक सुधारणा केली होती. तिची बातमी आम्हाला नव्हती. त्याला फाईलमध्ये ४४,१०० हा आकडा दिसला. बाजूच्या यादीत ४८,००० उपलब्ध होता. शेतकऱ्याचं पोर ते. गोणीवर मोठा आकडा म्हणजे जास्त जोर, असं त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. त्यानं ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रेट'वर जाऊन ४४,१०० चे ४८,००० केले, 'भजन फायनल फायनल' नावानं फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि मोठ्या मनानं गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली.

या दोन आकड्यांची भाऊबंदकी जुनी आहे. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक तुकडे करून ठेवतो. सेकंदाला किती तुकडे, तो हा आकडा. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओची फीत वापरत. चित्राच्या एका ओळीत तीन तुकडे, एका खेपेला २४५ ओळी आणि सेकंदाला ६० खेपा. गुणाकार करा, ४४,१०० येतात. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८२ साली बाजारात आणलेल्या सीडीनं तोच आकडा उचलला. सिनेमा-व्हिडिओवाल्यांनी ४८,००० धरला. तेव्हापासून दोघं एकाच घरात वेगळ्या चुली मांडून आहेत. मध्ये कुणी नीट रूपांतर करून दिलं तर भांडण नाही. भाच्यानं रूपांतर केलं नाही, नुसती पाटी बदलली. एका सेकंदाचे म्हणून कापलेले तुकडे ४४,१०० आणि खपवायचे सेकंदाला ४८,००० च्या हिशेबानं. म्हणजे माल वेळेआधीच संपणार. अर्ध्या तासाचं भजन सत्तावीस मिनिटं चौतीस सेकंदांत संपतं. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'सारखे मूकपट आज लावले की माणसं तुरुतुरु चालताना दिसतात, तोही असाच घोळ. हातानं फिरवलेल्या कॅमेऱ्यानं सेकंदाला कमी चित्रं टिपलेली असतात आणि आजचं यंत्र ती चोवीसच्या हिशेबानं पळवतं.

पण हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासमोर फक्त एक भजन होतं, जे कधी तीस मिनिटं चालायचं आणि कधी सत्तावीस आणि काहीतरी. पेनड्राइव्हवरून लावा, कॉम्प्युटरवरून लावा, घड्याळ दोन्हीकडे जवळजवळ सारखंच बोंबलायचं. सव्वासत्तावीस आणि साडेसत्तावीस यांतल्या पंधरा-अठरा सेकंदांकडे आमच्या गावात कोण बघतो? आम्ही एकच रोग समजून औषध देत होतो.

पुण्यतिथीला चार दिवस उरले तेव्हा काकाजींना बोलावलं. ते पेटी घेऊन आले, चहा घेतला, आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले. "मले तो टीव्ही नको दाखवू," म्हणाले, "वाजव फक्त."

कॉम्प्युटरमधली फाईल लावली. खंजेरी पळत होती. काकाजींनी काळी एक दाबली. थोडं ऐकून म्हणाले, "सूर जागेवर आहे. चालच पळून राह्यली."

मग पेनड्राइव्हवरची लावली. तीही पळत होती. काकाजींनी काळी एक दाबली, तोंड वाकडं केलं. पांढरी दोन दाबली. सूर तिच्या वर. काळी दोन दाबली. सूर तिच्या खाली. दोन-तीनदा खालीवर करून त्यांनी भाता सोडून दिला. "हा सूर पेटीत नाहीच बावा. दोन पट्ट्यांच्या फटीत पडून राह्यला. अख्खं मंडळ वर चढलं, अन् धड जिन्यावरही नाही."

भाच्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला. कॅल्क्युलेटरवर त्यानं ४८,००० ला ४४,१०० नं भागलं आणि पट्ट्यांच्या हिशेबात बसवलं. उत्तर आलं, दीड पट्टीला किंचित कमी. काळी एकपासून दीड पट्टी वर गेलं की माणूस पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमधच पडतो. भाचा एकदम गप्प झाला. त्याच्या चेहऱ्यावरून मला 'फायनल फायनल'ची बातमी लागली.

तरी त्यानं हार मानली नाही, आणि हे मला आवडलं. त्यानं ती फाईल उघडून तिच्यातल्या सुरांचा आलेख काढला. भजनाच्या खाली सतत एक "घूं" होती. विजेवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची ती जन्मखूण. आपली वीज सेकंदाला ५० फेऱ्या मारते, म्हणून ही घूं पन्नासच्या आसपास दिसायला हवी. दिसली चोपन्नाच्या थोडी वर. जुन्या फाईलमध्ये पन्नासला. ती घूं त्या काळच्या देवळातली की आमच्या घरच्या वायरिंगची, यावर पुन्हा वाद झाला. देवळातली असती तर पन्नासला इतकी नेटकी बसली नसती, असं भावांचं म्हणणं. त्या काळी वीज पन्नासवर तरी कुठं टिकायची? पण घूं कुणाची का असेना, पाटी बदलल्यावर चोपन्न झाली, हे नक्की. काकाजींना आलेख दाखवला. ते म्हणाले, "मी तेच सांगितलं ना जी."

एक रोग मिटला. दुसरा राहिला: सूर जागेवर आणि चाल पळते. हा रोग यंत्राचा असूच शकत नाही, कारण नुसत्या घाईनं सूर वर जातोच. टेप असो, तबकडी असो. चाल वाढवून सूर धरून ठेवायचा हा उद्योग फक्त प्लेअरचं सॉफ्टवेअरच करू शकतं, आणि तेही कुणी सांगितलं तरच. मग सांगतं कोण?

नारिंगी शंकूचं चित्र असलेल्या व्हीएलसीमध्ये आम्ही भजन लावत होतो. फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांच्या कामातून निघालेला हा प्लेअर जगातलं काहीही वाजवतो. त्यात उजव्या चौकटी कंसाची कळ दाबली, की वेग एका दशांशानं वाढतो आणि सूर होता तिथंच राहतो. तीस मिनिटांना १.१ नं भागा: सत्तावीस मिनिटं सोळा सेकंद. ही कळ आमच्या कीबोर्डवर एन्टरला अगदी खेटून आहे. भाच्यानं कीबोर्ड उपडा करून आपटला. त्यातून दोन टाचण्या, एक तांदूळ आणि नखाएवढी सुपारीची कणी पडली. कणीला चुना लागलेला होता.

सगळ्यांनी समोरच्या भावांकडे पाहिलं. भावांनी पन्नी घडी घालून खिशात ठेवली. एन्टर आणि कंस यांच्या मध्ये ती कणी पाचरीसारखी बसली होती. भजन सुरू करायला एन्टर जोरात दाबलं, की शेजारचा कंसही सोबत खाली जायचा. हलक्या हातानं दाबलं तर नाही. मी दाबलं तर भजन अर्धा तास चालायचं, आणि भाऊ मदतीला येऊन दाबायचे तेव्हा सव्वासत्तावीस मिनिटं.

"व्होल्टेजचं नव्हतं तर," भाऊ म्हणाले.

पुण्यतिथीला सगळं ठरल्यासारखं झालं. ४.२७ ला 'भजन फायनल' लावलं, एन्टर मी स्वतः दाबलं, ४.५७ ला शेवटची खंजेरी थांबली, आणि ४.५८ ला गाव उभं राहिलं. सूर काळी एक, तंतोतंत. काकाजी डोळे मिटून होते.

मौन सुटल्यावर मागच्या रांगेतली पोरं कुजबुजायला लागली. त्यांच्यातली एक मुलगी पुढं आली. शाळेच्या कार्यक्रमासाठी त्यांनी यातलं पहिलं भजन बसवलं होतं. ती म्हणाली, "काकाजी, आज कॅसेट स्लो होऊन राह्यली होती का? आवाजही जाडा येत होता." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांनी ते भजन गावाच्या ग्रुपवरून घेतलं होतं, महिनाभर तेच ऐकून पाठ केलं होतं, आणि बाईंनीही ते त्याच चालीत, त्याच सुरात बसवलं होतं. काकाजींनी पेटी पुढं ओढली आणि तिला गायला सांगितलं. पोरीचा आवाज गोड. त्यांनी पांढरी दोन दाबली, सोडली. काळी दोन दाबली, सोडली. मग माझ्याकडे पाहिलं.

शाळेच्या कार्यक्रमाला पेटीची साथ द्यायला काकाजींना बोलावलं आहे. भाच्यानं ग्रुपवर "आधीची फाईल डिलीट करा" असा निरोप टाकला, त्याला एकवीस जणांनी हात जोडले आणि चौघांनी ती फाईल सासरच्या ग्रुपवर पुढं पाठवली. एव्हाना ती केळझर, सेलू ओलांडून वर्ध्याच्या पलीकडे गेली असेल. तुमच्या फोनवर 'भजन फायनल फायनल' आलं असेल, तर घरातली पेटी काढा आणि काळी एक लावून पाहा. सूर फटीत पडला तर फाईल आमची आहे. पुढं पाठवू नका.